गिटार काळी एकला उतरवताना: 'मास्टर ऑफ रिॲलिटी'चा जडपणा कोणत्या क्रमाने मिळवायचा

ब्लॅक सबाथ या ब्रिटिश मेटल बँडच्या १९७१ सालच्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या अल्बममधले रिफ (पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे तुकडे) वाजवायचे म्हणून गिटार खाली उतरवणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: सूर खाली गेला, पण आवाज जड झाला नाही, नुसता चिखल झाला. तारा फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडतात, कॉर्ड बेसूर लागतात आणि ते लपवायला गेन (आवाज फाटवणारं ॲम्पचं बटण) वाढवला की उरलंसुरलंही ऐकू येईनासं होतं. डूम, म्हणजे संथ आणि जड मेटल, वाजवणाऱ्यांनी या अल्बमपासून जे उचललं ते गेनच्या बटणात नाही. ते सैल तारेत, मधल्या पट्ट्याच्या (मधल्या कंपनसंख्यांच्या) आवाजात आणि गिटारइतक्याच खाली उतरलेल्या बासमध्ये आहे.

पुढची कामं ज्या क्रमाने लिहिली आहेत त्याच क्रमाने करा. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच. मीही पहिल्यांदा आधी इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर शुद्ध लागावा अशी जुळणी) लावलं, मग नेकला, म्हणजे गिटारच्या मानेला, हात घातला आणि लावलेलं सगळं इंटोनेशन पुन्हा पहिल्यापासून लावावं लागलं. नेक हलली की तिच्यानंतरची प्रत्येक गोष्ट हलते.

## सुरुवातीआधी हाताशी काय हवं

तारांचा नवा संच, ट्यूनर, गिटारच्या ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या धातूच्या सळईला) बसणारी चावी, ब्रिजला (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात त्या भागाला) लागणारा स्क्रू ड्रायव्हर किंवा ॲलन की, मिलिमीटरच्या खुणा असलेली छोटी स्टीलची पट्टी, एक व्हिजिटिंग कार्ड, गडद शिशाची पेन्सिल, बारीक पॉलिश पेपर आणि तार कापायची पक्कड. शक्य असेल तर शेजारी पेटी. का ते पुढे येईल.

गिटार शक्यतो फिक्स ब्रिजची घ्या. तरंगत्या ट्रेमोलोची, म्हणजे स्प्रिंगवर हलणाऱ्या ब्रिजची, असेल तर आधी पाचवा टप्पा वाचा आणि मगच तारा सोडा.

## १. कोणती गाणी आणि नेमकी कोणती पट्टी

अख्खा अल्बम खाली उतरवलेला आहे असं धरून चालू नका. बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याने गिटार दीड सूर, म्हणजे तीन फ्रेट खाली उतरवली ती 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह', 'लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड' आणि 'इन्टू द व्हॉइड' या तीन गाण्यांसाठी. सरावाला हीच तीन घ्या.

प्रत्येक तार सारखीच तीन फ्रेट खाली जाते. जाडीकडून बारीककडे सूर असे:

सहावी सी शार्प, ६९.३ हर्ट्झ
पाचवी एफ शार्प, ९२.५ हर्ट्झ
चौथी बी, १२३.५ हर्ट्झ
तिसरी ई, १६४.८ हर्ट्झ
दुसरी जी शार्प, २०७.७ हर्ट्झ
पहिली सी शार्प, २७७.२ हर्ट्झ

पेटीच्या भाषेत हेच काळी एक, काळी तीन, पांढरी सात, पांढरी तीन, काळी चार आणि पुन्हा काळी एक. ज्यांचा कान भजनाच्या नाहीतर नाट्यसंगीताच्या पेटीवर तयार झाला आहे, त्यांनी काळी एक दाबून सहावी तार तिच्याशी जुळवून पाहावी. सप्तक खालचं असेल, सूर तोच. हे कानाच्या खात्रीपुरतं ठेवा, कारण प्रत्येक पेटी ए = ४४० हर्ट्झच्या मापाला लावलेली असतेच असं नाही. शेवटचा शब्द ट्यूनरचा.

इथे घोटाळा होतो: ट्यूनर ॲपमध्ये 'ड्रॉप सी शार्प' नावाचा पर्याय दिसतो आणि लोक तोच निवडतात. त्यात सहावी तार सी शार्प असते, पण पाचवी जी शार्प, चौथी सी शार्प असं पुढे जातं. बोटांची सगळी ठेवण बदलते आणि रिफ जुळत नाहीत. तुम्हाला 'सी शार्प स्टँडर्ड' हवं आहे.

तपासा: प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा. ट्यूनरने सहावीपासून पहिलीपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई दाखवलं, तर पट्टी बरोबर आहे.

## २. तारांची जाडी

जुन्याच ०.०१० ते ०.०४६ इंच जाडीच्या तारा तीन फ्रेट सैल केल्या की त्यांचा ताण जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून सूर थोडा खाली गेला तरी ताण बराच जातो. सहा तारांचा मिळून साधारण ४५ किलोचा ओढा ३२ किलोच्या आसपास येतो. हातात गिटार घेताच ते जाणवतं: सहावी तार पिकने मारल्यावर एकदा फ्रेटवर आपटते आणि मग आवाज काढते.

यावर दोन वाटा आहेत.

पहिली वाट जाड तारांची. ०.०१२ ते ०.०५४ चा संच सी शार्पला जवळपास तेवढाच ताणलेला राहतो जेवढा ०.०१० ते ०.०४६ चा संच नेहमीच्या ट्यूनिंगला असतो. हात बिचकत नाही, तार खडखडत नाही, सूर टिकतो. नवशिक्यांनी, आणि बँडमध्ये जोरात वाजवणाऱ्यांनी, हीच वाट धरावी.

दुसरी वाट अल्बमच्या जास्त जवळची. सतरा वर्षांचा असताना बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात आयोमीच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं कापली गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. बोटांवर घरी बनवलेल्या टोप्या चढवून तो वाजवायचा, तारा मुद्दाम हलक्या लावायचा आणि गिटार खाली उतरवली तीही बोटांना त्रास कमी व्हावा म्हणून. त्या आवाजातला डुलणारा, किंचित ढिला भाग या सैलपणातून आला आहे. तो हवा असेल तर ०.०१० नाहीतर ०.०११ पासून सुरू होणारा संच लावा, पण मग सातव्या टप्प्यातलं हातांचं काम दुप्पट मन लावून करावं लागेल.

माझा कौल विचाराल तर ०.०११ ते ०.०५० च्या आसपासचा संच. खालच्या तारेला पुरेसा जीव राहतो आणि तिसऱ्या तारेवर बेंड घेताना (तार बाजूला ओढून सूर चढवताना) बोटं सोलवटत नाहीत.

गिटारची लांबीही पाहा. एसजी किंवा लेस पॉल घडणीच्या गिटारींवर नट (नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) ते ब्रिज साधारण ६२८ मिलिमीटर असतं, स्ट्रॅट घडणीच्या गिटारींवर ६४८. आखूड गिटारवर तोच संच आणखी सैल लागतो. स्ट्रॅटवाल्या मित्राने सुचवलेला संच तुमच्या एसजीवर तसाच लागणार नाही.

## ३. नट: सगळ्यात जास्त दुर्लक्षित जागा

जाड तारा घेतल्या असतील तर हा टप्पा टाळता येत नाही. नटमधली खाच जुन्या ०.०४६ च्या तारेच्या मापाची असते. त्यात ०.०५४ ची तार दाबून बसवली की ती अडकते. ट्यून करताना खुंटी पिळत राहावं, ट्यूनरचा काटा जागचा हलू नये आणि मग एकदम 'टिंग' असा आवाज होऊन सूर उडी मारून पुढे निघून जावा, हे त्याचं लक्षण. 'खुंट्या खराब झाल्यात' म्हणून लोक नव्या खुंट्या विकत घेतात. खुंट्या बिचाऱ्या चांगल्या असतात.

तार सैल करा, हलकेच उचला आणि खाचेत पुन्हा ठेवा. ती स्वतःच्या वजनाने तळाशी बसली तर खाच ठीक. वर तरंगत राहिली तर रुंद करावी लागेल.

नटची कानस मिळाली तर उत्तम. नसेल तर काढून ठेवलेल्या जुन्या पाचव्या तारेच्या तुकड्याभोवती बारीक पॉलिश पेपरचा एकच वेढा घ्या आणि खाचेच्या दोन्ही भिंती हलक्या हाताने घासा. चार-पाच फेऱ्या, मग तार ठेवून पाहणं, मग पुन्हा चार-पाच फेऱ्या. खाचेचा उतार हेडस्टॉककडे (खुंट्या असतात त्या टोकाकडे) राहू द्या, म्हणजे तार फ्रेटबोर्डकडच्या कडेवर टेकून सुटेल.

सांभाळा: भिंती घासायच्या आहेत, तळ नाही. तळ खोल गेला की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर वाजायला लागते आणि मग नवा नट बसवण्यावाचून गत्यंतर नसतं. हाताला खात्री नसेल तर एवढं एक काम दुरुस्ती करणाऱ्याकडून करून घ्या. त्याला गिटार देताना तारांचा संचही सोबत द्या आणि ट्यूनिंग कागदावर लिहून द्या. नाहीतर गिटार नेहमीच्या ट्यूनिंगला लावून परत येते.

शेवटी खाचेत पेन्सिल फिरवा. शिसं वंगणाचं काम करतं.

तपासा: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटच्या डोक्यावर पाहा. तिथे कागदाच्या जाडीइतकी फट दिसली पाहिजे. तार फ्रेटला टेकली असेल तर खाच खोल गेली आहे.

## ४. तारा चढवणं

एकावेळी एकच तार बदला, म्हणजे नेकवरचा ओढा एकदम जाणार नाही. जाड तारेचे खुंटीभोवती दोन वेढे पुरेत. चार-पाच घेतले तर तेच हळूहळू सरकत राहतात आणि सूर उतरत जातो.

तार सुराला आली की बाराव्या फ्रेटपाशी चिमटीत धरून हळूच वर ओढा, सोडा, पुन्हा सुराला आणा. ओढल्यावर सूर उतरायचा थांबला की तार स्थिरावली. हे केलं नाही तर पहिले दोन दिवस गिटार सतत उतरत राहील आणि दोष तुम्ही ट्यूनिंगला द्याल.

सगळ्या तारा लागल्या की गिटार रात्रभर तशीच ठेवा. नेक नव्या ओढ्याला सावकाश जुळवून घेते.

## ५. नेक आणि ॲक्शन

नेकमध्ये दोन ओढे एकमेकांविरुद्ध लावलेले असतात. तारा तिला पुढे वाकवतात, आतला ट्रस रॉड मागे खेचतो. तारा सैल झाल्या की रॉड वरचढ होतो, नेक सरळ होते किंवा थोडी मागे जाते आणि पहिले चार-पाच फ्रेट खडखडायला लागतात. इथे बहुतेक जण ब्रिज उचलतात. बाराव्या फ्रेटवर तारा उंच होतात, खालची खडखड मात्र तशीच राहते.

सहावी तार पहिल्या फ्रेटवर दाबा, दुसऱ्या हाताने जिथे नेक अंगाला मिळते त्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट आहे ते पाहा. ०.२ ते ०.३ मिलिमीटर हवी. साधं व्हिजिटिंग कार्ड साधारण तेवढ्याच जाडीचं असतं. ते तारेला न उचलता जेमतेम सरकलं तर नेक जागेवर आहे.

फट नसेल तर रॉड सैल करायचा, घड्याळाच्या उलट दिशेने. फट जास्त असेल तर घट्ट करायचा, घड्याळाच्या दिशेने. एकावेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग सूर पुन्हा लावा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा.

सांभाळा: चावी फिरत नसेल तर जोर लावू नका. रॉडच्या नटाचे कोपरे गोल झाले किंवा रॉड तुटला तर दुरुस्ती गिटारच्या किमतीला जाऊन भिडते.

कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. लाकूड हवेतला ओलावा शोषतं. मे महिन्यात लावलेली नेक जुलैत तशीच राहील असं धरू नका. पावसाळा सुरू झाल्यावर एकदा आणि हवा कोरडी झाल्यावर एकदा, असं वर्षातून दोनदा कार्ड सरकवून पाहा. सैल तारांना चुकीला वाव कमी असतो, त्यामुळे नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये खपून गेलेला फरक इथे लगेच ऐकू येतो.

नेक बसल्यावरच ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची. बाराव्या फ्रेटच्या डोक्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत सहाव्या तारेला २ ते २.४ मिलिमीटर, पहिलीला १.६ ते १.८. जोरात वाजवणाऱ्यांनी वरच्या आकड्याकडे राहावं.

तरंगता ट्रेमोलो असेल तर त्याचा तोल तारांचा ओढा आणि मागच्या स्प्रिंग यांच्यात असतो. जुन्या तारा सैल केल्या की ब्रिज मागे बसतो, एक तार लावली की बाकीच्या पाच बिघडतात. ०.०१२ ते ०.०५४ चा संच लावला तर ओढा पहिल्याइतकाच राहतो आणि तोल फारसा जात नाही. तरीही त्रास झाला तर ट्रेमोलोच्या मागे लाकडाचा ठोकळा बसवून तो बंद करा. या तीन गाण्यांना त्याची गरज नाही.

तपासा: सहावी तार एकेका फ्रेटवर सावकाश वाजवत वर जा. पहिल्या पाच फ्रेटवर खडखड असेल तर नेक जास्त सरळ झाली आहे. बाराव्याच्या पुढे असेल तर ब्रिज खाली आहे. एकाच फ्रेटवर असेल तर तो फ्रेट उठला आहे आणि ते काम कारागिराचं.

## ६. इंटोनेशन

आता कुठे याची पाळी आली. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच दाबून सूर वाजवा. दोन्ही एकच यायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) मागे, नेकपासून दूर. उतरता असेल तर पुढे. जाड तारांना बहुतेक वेळा मागेच जावं लागतं.

तिसरी तार सर्वांत जास्त सतावेल. जाड संचात ती ०.०२० ची साधी, गुंडाळी नसलेली असते आणि तिचं सॅडल मागे सरकवता सरकवता जागा संपते. ट्यून-ओ-मॅटिक जातीच्या ब्रिजवर ते सॅडल काढून उलटं फिरवून बसवता येतं, थोडी जागा मिळते. तेवढ्यानेही भागलं नाही तर गुंडाळीची तिसरी तार घ्या. बेंड जड जातील, सूर शुद्ध राहील.

सहाव्या तारेवर स्वस्त क्लिप ट्यूनर गोंधळतो. केबलने जोडलेला ट्यूनर वापरा, नेकजवळचा पिकअप घ्या, टोनचं बटण पूर्ण खाली करा आणि बाराव्या फ्रेटच्या हार्मोनिकवर ट्यून करा. काटा लगेच स्थिर होतो.

## ७. दोन्ही हात

गिटार तयार झाली तरी आवाज अजून तयार झालेला नाही. सैल तारेचा स्वभाव वेगळा असतो. पिक जोरात लागलं की पहिल्या क्षणी सूर वर चढतो आणि मग खाली येऊन स्थिरावतो. डाव्या हाताने घट्ट दाबली तरी चढतो. पॉवर कॉर्डमधलं (दोन सुरांच्या कॉर्डमधलं) एक बोट दुसऱ्यापेक्षा जास्त दाबलं गेलं तर अख्खी कॉर्ड बेसूर होते, आणि डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटवणं) तो बेसूर दसपट मोठा करून दाखवतं.

डिस्टॉर्शन बंद करा. ट्यूनर चालू ठेवून पाचव्या फ्रेटवर एकच सूर वाजवा आणि डाव्या हाताचा दाब कमी करत जा, तार खडखडेपर्यंत. खडखडीच्या किंचित आधीचा दाब तुमचा. बहुतेकांना लक्षात येतं की आपण गरजेच्या दुप्पट दाबतो आहोत.

मग उजवा हात. पिक जाड घ्या, एक मिलिमीटरच्या पुढचं, पण फटका मनगटातून मोजून मारा. म्यूट करताना तळहाताची कड ब्रिजवर ठेवा. अर्धा इंच पुढे सरकली तरी सैल तार दबून सूर चढतो.

ट्यूनही त्याच फटक्याने करा ज्या फटक्याने गाणं वाजवणार आहात. हळुवार छेडून लावलेली गिटार जोरात वाजवली की चढी लागते.

तपासा: मोकळी सहावी तार तुमच्या नेहमीच्या जोराने मारून काटा पाहा. पहिल्या क्षणी तो थोडा पुढे जाईल, पण अर्ध्या सेकंदात मध्यावर यायला हवा. येत नसेल तर फटका कमी करा किंवा तार जाड घ्या.

## ८. ॲम्प आणि पेडल: बास कमी, मधला पट्टा वर

आता हात बासच्या बटणाकडे जाईल. थांबा.

आयोमी त्या काळात गिब्सन एसजी स्पेशल वाजवायचा, पी-नाइन्टी जातीच्या सिंगल कॉइल पिकअपची. ती जायची डॅलस रेंजमास्टर या ट्रेबल बूस्टरमध्ये आणि तिथून १०० वॅटच्या लेनी सुपरग्रुप ॲम्पमध्ये. ट्रेबल बूस्टर नावाप्रमाणे वरचा आणि मधला पट्टा उचलतो, खालचा पट्टा आपोआप मागे राहतो. म्हणजे ॲम्प फाटायला लागण्याआधीच बास कमी झालेला असतो.

खालचा पट्टा भरून आणलेला सिग्नल फाटला की जाड सूर एकमेकांत मिसळतात आणि कॉर्डमधला एकही सूर वेगळा ऐकू येत नाही. तोच पट्टा आधी कमी केला तर फाटलेला आवाजही मोकळा, दाणेदार राहतो. बास हवा असेल तर तो फाटल्यानंतर वाढवायचा.

क्रम असा लावा:

गिटारपासून पहिलं पेडल ट्रेबल बूस्टर. नसेल तर साधा ओव्हरड्राइव्ह, ड्राइव्हचं बटण जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल वर. संगणकावर वाजवत असाल तर ॲम्पच्या प्लगइनआधी एक इक्वलायझर लावून १२० ते १५० हर्ट्झच्या खालचा भाग उतरवा.

मग ॲम्प. गेन निम्म्याच्या आसपास. बास चारावर, मिड सातावर, ट्रेबल पाचावर. हे आकडे सुरुवातीचे, तुमच्या ॲम्पप्रमाणे हलतील. मिड मात्र पाचाखाली आणू नका. मिड काढून टाकण्याची सवय दुसऱ्या जातीच्या मेटलमधून येते, इथे ती आवाजाचं हाड काढून घेते.

तपासा: एक पॉवर कॉर्ड मारा आणि तसाच सोडून द्या. तो विरत जाताना दोन्ही सूर वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. नुसती घरघर राहिली तर गेन एक आकडा खाली, मग पुन्हा ऐका. घरी एकट्याने वाजवताना गेन नेहमी कमी वाटतो, ड्रम आणि बाससोबत तोच पुरेसा होतो.

सांभाळा: व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर न जोडता चालू करू नका, ट्रान्सफॉर्मर जळतो. बंद खोलीत मोठ्या आवाजात सराव करणार असाल तर कानात प्लग घाला. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

## ९. बास गिटारशिवाय हे काम पूर्ण होत नाही

सहा-आठ इंची स्पीकरच्या छोट्या ॲम्पमधून ६९ हर्ट्झचा मूळ सूर नीट येतच नाही. बारा इंची गिटार स्पीकरही बहुतेक वेळा त्याच्या थोडा वरच हात टेकतो. गिटारमधून आपण जास्त ऐकतो तो त्याचा दुप्पट सूर, १३९ हर्ट्झच्या आसपासचा. तळ देतो तो बास. बँडचा बासवादक गिझर बटलर यानेही आपली बास गिटारीबरोबर खाली उतरवली होती.

तुमच्या बँडमध्ये बासवाला नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये राहून वरच्या सप्तकात सूर शोधत असेल तर गिटारवर कितीही कष्ट घ्या, तळ रिकामा राहील. बास सी शार्प, एफ शार्प, बी, ई अशी लावा. सर्वांत खालचा सूर ३४.६ हर्ट्झ होतो. ०.१०५ ची चौथी तार इथे लोंबते. ०.११० किंवा त्याहून जाड घ्या, आणि बासच्या नटचीही वरच्यासारखीच तपासणी करा.

बासच्या आवाजालाही थोडा फाटका कडा हवा, नाहीतर तो गिटारच्या मागे नुसती गुंगुं होऊन राहतो.

## १०. लय

सगळं संथ वाजवायचं ही आणखी एक समजूत. 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' दौडत जातं, आणि 'इन्टू द व्हॉइड' मध्ये चाल बदलते. ते सगळं एकाच संथ चालीत ओढलं तर गाणं मरतं.

संथ भागात मात्र पुढे पळण्याचा मोह आवरावा लागतो. मेट्रोनोम दुप्पट ठोक्यांवर लावा, म्हणजे दोन मोठ्या ठोक्यांमधली रिकामी जागा मोजता येईल. पंधरा मिनिटांनी तो निम्म्यावर आणा. मोकळा सोडलेला कॉर्ड पुढच्या ठोक्यापर्यंत वाजू द्या, मध्येच दाबू नका. फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि सुरुवातीची दहा सेकंदं शेवटच्या दहा सेकंदांशी ताडून पाहा. पळालेली चाल तिथे लपत नाही.

मूळ रेकॉर्डसोबत वाजवताना तुमची गिटार बरोबर लागलेली असूनही किंचित फरक वाटला तर घाबरू नका. टेपवरच्या जुन्या रेकॉर्डिंगचा सूर कधीकधी थोडा वरखाली असतो. तेवढ्या वेळापुरती गिटार रेकॉर्डला जुळवून घ्या.

घरी रेकॉर्ड करणार असाल तर तोच रिफ दोनदा वाजवा, एक डावीकडे, एक उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर आवाज रुंद होत नाही, फक्त मोठा होतो. दोन्ही टेकच्या मध्ये गिटार पुन्हा ट्यून करा.

## ११. परत वर चढवताना

जाड तारा लावलेली गिटार कोणीतरी उचलतं आणि नेहमीसारखी ई ला लावायला घेतं. सी शार्पपासून तीन फ्रेट वर जाताना ताण ४१ टक्क्यांनी वाढतो. ०.०१२ च्या संचावर हा ओढा नेकला पुढे वाकवतो, ट्रेमोलोच्या स्प्रिंग ताणतो आणि जुनी गिटार असेल तर ब्रिजचे खिळे वर उचलतो. वर जायचं असेल तर आधी हलका संच लावा, मग सूर चढवा, मग नेक पुन्हा मोजा. नटच्या रुंद केलेल्या खाचांमध्ये बारीक तार इकडेतिकडे हलेल, तेवढं तपासा.

दोन गिटारी असतील तर एक कायम खालीच ठेवा. केसच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून त्यावर तारांचा संच, ट्यूनिंग आणि नेक शेवटची मोजल्याची तारीख लिहून ठेवा.